विधुर : एका शब्दाचा शोध



पत्नीवियोग झालेल्या पुरुषास मराठीत 'विधुर' म्हणतात. 'विधवा' या शब्दाचे हे पुल्लिंगी रूप असावे, असा सर्वसाधारण समज आहे. तो यथार्थ नाही. या दोन शब्दांची कुळे वेगळी आहेत.

'विधवा' हा शब्द ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलात आढळतो. लॅटिनमधील 'विदुआ' आणि इंग्रजीतील 'विडो' ही त्याचीच भावंडे होत. 'धव म्हणजे मनुष्य. तो नसलेली ती विधवा' ही फोड यास्काने निरुक्तात इतर व्युत्पत्तींसोबत दिली आहे. आधुनिक भाषाशास्त्र मात्र 'धव' हाच शब्द 'विधवा'वरून मागाहून घडला, असे मानते.

'विधुर' हे मूळचे विशेषण. व्याकुळ, एकाकी, वियुक्त असे त्याचे अर्थ. अमरकोशात तो वियोग या अर्थी येतो. धुरा नसलेली गाडी, असाही एक अर्थ कोशांत मिळतो. संसाराची धुरा वाहणारे एकटे पडले, ही कल्पना मनाला भिडते खरी. परंतु दुःखी या अर्थाचा 'विधुर' बहुधा 'व्यध्' म्हणजे विंधणे या धातूशी निगडित असावा. विंधला गेलेला, तो विधुर! विशेष म्हणजे हे दुःख केवळ पुरुषाचे नव्हते. कालिदासाच्या कुमारसंभवात मदनदहनानंतर विलाप करणारी रती स्वतःस 'विधुरा' म्हणवते.

धर्मशास्त्राने या व्याकुळतेहून निराळा प्रश्न विचारला. पत्नीविना गृहस्थाश्रम नाही आणि संन्यासही घेतलेला नाही, अशा पुरुषाचे स्थान कोणते? ब्रह्मसूत्राच्या तिसऱ्या अध्यायात आश्रमाबाहेरच्या अशा माणसांना ब्रह्मविद्येचा अधिकार आहे काय, याची चर्चा आहे. शंकराचार्य तेथे विधुरांचा स्पष्ट उल्लेख करून तो अधिकार मान्य करतात.

व्यवहारात मात्र या शब्दाला फारसे टिकू दिले गेले नाही. विधुर लवकरच 'बिजवर' होई. न्यायमूर्ती रानडे यांच्या प्रथम पत्नी 1873 मध्ये निवर्तल्या. विधवाविवाहाचे पुरस्कर्ते असूनही वडिलांच्या आग्रहापुढे त्यांनी त्याच वर्षी बालवयाच्या रमाबाईंशी विवाह केला. धोंडो केशव कर्वे यांच्या पत्नी राधाबाई 1891 मध्ये गेल्या. 1893 मध्ये त्यांनी गोदूबाई या विधवेशीच विवाह केला. त्याबद्दल त्यांना बहिष्कार सोसावा लागला. विधुराने कुमारिकेशी लग्न केले असते, तर कोणी चकार शब्द काढला नसता.

'वैधव्य' हा शब्द मराठीत घरोघरी ठाऊक आहे. 'वैधुर्य' संस्कृत कोशात आहे. बोलण्यात तो क्वचितच ऐकू येतो.