रेव्हरंड टिळक : श्रद्धा, संसार आणि समाज

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)

आपल्या अभ्यासवर्गात एका ख्रिस्ती धर्मोपदेशकावर व्याख्यान ठेवले, याचे काहींना नवल वाटले असेल. नारायण वामन टिळक यांना आपण शाळेपासून फुलांमुलांचे कवी म्हणून ओळखतो. परंतु श्रद्धा, संसार आणि सार्वजनिक जीवन यांची त्यांच्या आयुष्यात जी ओढाताण झाली, ती कार्यकर्त्यांनी मुद्दाम अभ्यासावी अशी आहे. एखाद्याची निष्ठा पारखताना त्याने किती त्याग केला हे आपण पाहतो. त्याने आपल्या घरातल्या माणसाला वेगळे मत बाळगण्याची मोकळीक किती दिली, हेही पाहिले पाहिजे. टिळकांचे चरित्र या दृष्टीने वाचावे, असे मला सुचवायचे आहे.

टिळकांचा जन्म १८६१ सालचा, कोकणातल्या चित्पावन घराण्यातला. १० फेब्रुवारी १८९५ रोजी त्यांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. संस्कृत जाणणारा, कविता करणारा, देशाभिमानी ब्राह्मण ख्रिस्ती झाला, हा त्या काळच्या समाजाला मोठाच धक्का होता. जातीबाहेर पडलेल्या माणसाला त्या काळी नातलग मेलेल्यात जमा करीत. टिळकांनी ते पत्करले. पण त्यांच्या निर्णयाची सर्वांत मोठी किंमत दुसऱ्याच व्यक्तीने मोजली. लक्ष्मीबाईंच्या पदरात लहान मुलगा होता. त्यांना शाळेचे तोंड दिसलेले नव्हते. अक्षरओळख झाली ती नवऱ्यामुळे. वडील १८५७ नंतरच्या धास्तीतून सोवळ्याओवळ्याच्या अतिरेकात गेलेले. अशा घरात वाढलेल्या स्त्रीवर नवरा जिवंत असताना परित्यक्तेसारखे दिवस काढण्याची पाळी आली. नाशिक, पंढरपूर अशी वर्षे गेली. टिळकांनी सत्यासाठी सर्वस्व सोडले असे आपण म्हणतो, तेव्हा त्या सर्वस्वात एक जिवंत माणूसही होते आणि त्या माणसाला कोणी विचारले नव्हते, हे विसरून चालणार नाही. थोर माणसांच्या गौरवात ही नोंद सहसा राहून जाते.

ती राहिली नाही, याचे कारण लक्ष्मीबाईंनी स्वतःच ती करून ठेवली. १९३४ ते १९३६ या काळात प्रसिद्ध झालेली ‘स्मृतिचित्रे’ हे मराठीतले थोर आत्मचरित्र आहे. त्यात नवऱ्याविषयी अपार प्रेम आहे आणि त्याच्या एकांगीपणाचा, लहरीपणाचा हिशेबही आहे. असे पुस्तक दबलेल्या बाईच्या हातून लिहून होत नाही. मग ही निर्भयता कोठून आली?

माझ्या मते, तिचे मूळ पुढच्या वर्षांत आहे. काही वर्षांनी लक्ष्मीबाई अहमदनगरला नवऱ्याकडे परत आल्या, त्या हिंदू म्हणूनच. आपले सोवळे, आपले नेमधर्म त्यांनी सोडले नव्हते. टिळक ख्रिस्ती धर्माचे प्रचारक होते. घरची बाई आपल्याच धर्मात नाही, ही गोष्ट त्यांच्या प्रचाराला बाध आणणारी होती. तरीही त्यांनी सक्ती केली नाही. एकाच छपराखाली दोन धर्म नांदले. लक्ष्मीबाईंनी आपल्या वाटेने विचार केला, आणि ती वाट नवऱ्याची नव्हती. टिळकांना ख्रिस्ताच्या उपदेशाने ओढून घेतले. लक्ष्मीबाई आधी जातीच्या प्रश्नाशी येऊन थांबल्या. माणसामाणसांतला हा विटाळ देवाने केला की माणसाने, असा प्रश्न त्यांनी स्वतःला विचारला. उत्तर मिळाले तेव्हा त्यांनी सोवळे टाकले. त्यानंतर, १९०० साली, बाप्तिस्मा घेतला. नवऱ्यामागून पाच वर्षांनी, स्वतःच्या बुद्धीने.

मित्रहो, समतेवर भाषणे देणारे आपण. आपल्यापैकी कितीजणांच्या घरी पत्नीला पक्षाविरुद्ध मत मांडता येते? मोर्चाहून परतल्यावर हातात मिळणारा चहा कोणाच्या श्रमाचा असतो? पूर्णवेळ कार्यकर्ता होण्याचा निर्णय आपण घेतो तेव्हा घरभाडे आणि मुलांच्या फीची चिंता कोणाच्या वाट्याला येते? टिळकांकडून जे घडले त्याचे समर्थन मी करीत नाही. १८९५ साली त्यांनी पत्नीला गृहीत धरले. पुढे मात्र तिला गृहीत धरायचे नाही, हे ते शिकले. आपणही ते शिकले पाहिजे.

आता सार्वजनिक जीवनाविषयी. टिळक ख्रिस्ती झाले म्हणून परके झाले नाहीत. ख्रिस्ताची भक्ती त्यांनी अभंगात गायिली, कीर्तनाचा अवलंब केला. १९१२ पासून ‘ज्ञानोदय’च्या मराठी विभागाचे संपादन केले. मिशनऱ्यांविषयी त्यांना आदर होता, परंतु त्यांचे आश्रित राहणे मानवत नव्हते. १९१७ साली मिशनशी असलेला संबंध सोडून त्यांनी ख्रिस्ती संन्यास घेतला आणि साताऱ्याला ‘देवाचा दरबार’ मांडला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले अशा दोघांनाही त्यात जागा होती. ९ मे १९१९ रोजी त्यांचा अंत झाला आणि तो प्रयोग फार पुढे गेला नाही. तरी श्रद्धेच्या दाराशी नोंदवही घेऊन बसू नये, हा त्यातला विचार मोलाचा आहे.

ती नोंदवही आज सरकारच्या हाती आहे. ओरिसाने १९६७ साली आणि मध्य प्रदेशाने १९६८ साली धर्मांतरावर निर्बंध घालणारे कायदे केले. सर्वोच्च न्यायालयाने १९७७ साली ते वैध ठरवले. धर्मप्रसाराच्या हक्कात दुसऱ्याचे धर्मांतर करण्याचा हक्क येत नाही, असा निर्णय दिला. उत्तर प्रदेशाच्या २०२१ च्या कायद्याने तर धर्म बदलू इच्छिणाऱ्याने ६० दिवस आधी जिल्हाधिकाऱ्याला कळवावे, आणि त्याचा खरा हेतू काय याची चौकशी पोलिसांकडून व्हावी, अशी तरतूद केली. सक्तीने वा फसवणुकीने केलेले धर्मांतर कोणीही मान्य करणार नाही. परंतु लक्ष्मीबाईंच्या मनात पाच वर्षे जे चालले होते, त्याची चौकशी कोणत्या फौजदाराला करता आली असती? संविधानाच्या २५ व्या कलमाने सदसद्विवेकबुद्धीचे स्वातंत्र्य दिले आहे. ते पोलिसी अहवालावर अवलंबून राहिले, तर ते स्वातंत्र्य कसले?

आपल्यात श्रद्धावान आहेत, नास्तिक आहेत. पंढरपूरचे मंदिर दलितांना खुले व्हावे म्हणून १९४७ साली प्राण पणाला लावणारे साने गुरुजी श्रद्धावानच होते. समाजवादी माणसाने देव मानावा की न मानावा, हा वाद मला गौण वाटतो. दुसऱ्याच्या मनावर कोणाची मालकी असावी, हा प्रश्न मोठा आहे. नवऱ्याची नसावी, धर्मसंस्थेची नसावी, सरकारची नसावी आणि पक्षाचीही नसावी. धर्मस्वातंत्र्यावर गदा आणणाऱ्या कायद्यांविरुद्ध आपण उभे राहिलेच पाहिजे. मात्र रस्त्यावर ती मागणी करताना आपल्या घरात ती मान्य झालेली असेल, तरच आपल्या शब्दाला वजन येईल.