सांथींतील तपासणी : पांच घरांचें दूध, एक चरवी



सांथ आली कीं तपासणी येते, आणि तपासणीवाला दारांत उभा राहिला कीं आपण मागल्या दारानें निसटतों. याचा आज मोकळेपणानें विचार करूं.

1897 सालीं पुण्यांत प्लेग झाला, तेव्हां गोरे शिपाई घरांत शिरून रोगी शोधीत. लोकांनीं भीतीनें रोगी लपविले. त्याच सांथींत सावित्रीबाई फुले रोग्यांची शुश्रूषा करतां करतां 10 मार्च 1897 रोजीं वारल्या. शिपायाला लोक भ्याले. सावित्रीबाईंनीं मात्र रोग्यांची सेवा केली. हें ध्यानांत ठेवा.

आतां तपासणीची एक युक्ति ऐका. पांच घरांचें दूध एका चरवींत ओतून तापविलें आणि नासलें नाहीं, तर पांचही घरांचें दूध चांगलें. नासलें, तरच प्रत्येकाचें राखून ठेवलेलें दूध वेगळें तापवावें. रॉबर्ट डॉर्फमन या अमेरिकन विद्वानानें 1943 सालीं लष्करभरतीच्या वेळीं उपदंश शोधण्यासाठीं रक्ताच्या बाबतींत हेंच सुचविलें. 2020 च्या कोरोनांत भारतीय वैद्यक संशोधन परिषदेनें पांच नमुन्यांपर्यंत या रीतीला मान्यता दिली.

हिशेब सोपा आहे. शंभर माणसें, पांच-पांचांचे वीस गट. दोघे रोगी असले तर फार तर दोन गट बिघडतील. त्या दहांची निराळी तपासणी करावी. तीस तपासण्यांत शंभरांचें काम झालें! पण वीस रोगी असले तर बहुतेक गट बिघडतात व बचत फारशी उरत नाहीं. म्हणून शेंकडा पांचांहून अधिक रोगी निघतात तेथें परिषदेनें ही रीत वर्ज्य केली. शिवाय मिसळल्यानें रोगाचा अंश पातळ होऊन कधीं सुटूनही जातो. म्हणून ज्याला ताप-खोकला आहे, त्याची तपासणी एकट्याचीच व्हावी.

युक्तीनें खर्च वाचला, पण भीति कशी जाईल? मजूर विचारतो, "मी रोगी ठरलों तर माझी चूल कोण पेटवील?" हा प्रश्न खोटा नाहीं. 2020 सालीं मुंबईच्या धारावींत घरोघर तपासणी झाली, तिच्याबरोबर रोग्यांना वेगळें ठेवण्याची व जेवणाची सोयही झाली.

म्हणून पुढली सांथ आली तर सरकारजवळ दोन गोष्टी मागा : रोग्याची अब्रू राखा, आणि त्याच्या घरीं धान्य पोंचवा. आपण एकच गोष्ट द्यावयाची : रोग लपवावयाचा नाहीं. लपविलेला रोग आधीं आपल्याच लेंकरांना गांठतो.