पेठेचा सदरा

छत्रपती संभाजीनगराहून दौलताबादकडे जाणारी सडक छावणी मागे टाकून पुढे निघाली की पडेगाव लागते. ऊन उतरू लागले म्हणजे अशा वस्तीतील एखाद्या मोकळ्या जागेत मुले जमतात, चार दगड मांडून दोन बाजूंना दोन गोल तयार होतात आणि चेंडू या टोकाकडून त्या टोकाकडे धावू लागतो. त्या मुलांतील एखाद्याच्या अंगात मँचेस्टरच्या क्लबाचा लाल सदरा असतो. त्या क्लबातील अकराही खेळाडूंची नावे तो घडाघडा म्हणून दाखवील. परंतु आपल्याच महाराष्ट्रात एक शहर असे आहे की जेथे पेठेपेठेचा स्वतंत्र फुटबॉल संघ आहे, हे त्यास क्वचितच ठाऊक असते. शिवाय, ज्या इंग्लंडचा सदरा त्याने अंगात घातला आहे, त्या इंग्लंडातही या खेळाचा मोठा संसार लहान गावांतील चिखलाच्या मैदानांवरच चालतो, हेही त्यास कोणी सांगितलेले नसते. श्रोतेहो, या दोन अपरिचित संसारांची तुलना हाच आजच्या भाषणाचा विषय आहे.

प्रथम इंग्लंडकडे वळू. तेथे १८८८ साली बारा क्लबांनी एकत्र येऊन लीग, म्हणजे साखळी सामन्यांची संस्था, स्थापन केली. आज वरच्या चार श्रेणी मिळून ९२ क्लब होतात. जगाला दिसतात ते बहुधा एवढेच. किंबहुना त्यांतीलही वरचे वीसच. या ब्याण्णवांच्या खाली जे शेकडो क्लब आहेत त्यांना ‘लीगबाह्य’ म्हणण्याचा तेथे प्रघात आहे. त्यांतील पुष्कळ खेळाडू दिवसा सुतारकाम, गवंडीकाम किंवा शिक्षकी करतात आणि संध्याकाळी सरावाला जातात. त्यांचा हंगाम ऑगस्टात सुरू होऊन मे महिन्यापर्यंत चालतो. थंडी, पाऊस व धुके या तिघांशीही सामना खेळावा लागतो तो निराळाच. जगातील सर्वांत जुना फुटबॉल क्लब म्हणून ज्याची ख्याती आहे, तो १८५७ साली स्थापन झालेला शेफिल्ड क्लबही या लीगबाह्य मंडळींतच खेळतो. सारांश, या जगात वय मोठे असले म्हणून पद मोठे मिळतेच असे नाही.

या धाकट्या क्लबांना वर चढण्याची वाट पूर्वी अत्यंत अरुंद होती. लीगच्या तळाशी आलेल्या क्लबांचे भवितव्य सभासदांच्या मतांवर ठरत असे, आणि मत देणारे आपल्या जुन्या स्नेह्यांस सहसा दूर करीत नसत. १९८७ सालापासून मात्र नियम बदलला. लीगबाह्य क्लबांत जो अव्वल येईल तो वर जाईल व लीगमध्ये जो शेवटचा राहील तो खाली येईल, असे ठरले. त्या वर्षी स्कारबरो हा क्लब वर गेला आणि लिंकन सिटी खाली आला. मतांच्या जागी गुण आले. एका साध्या नियमाने गावोगावच्या लोकांना आशा बाळगण्यास आधार मिळाला.

या आशेचे मोल कळण्यासाठी हेरेफर्ड गावाची हकीकत पाहावी. वेल्सच्या सीमेजवळचे हे गाव. लाल अंगाच्या व पांढऱ्या तोंडाच्या गुरांबद्दल प्रसिद्ध. महत्त्वाच्या सामन्यापूर्वी खराखुरा बैल मैदानावरून मिरविण्याची तेथे प्रथा आहे. आपल्याकडील पोळ्याची आठवण यावी असाच तो थाट! ५ फेब्रुवारी १९७२ रोजी या गावाच्या लीगबाह्य संघाने न्यूकॅसल या पहिल्या श्रेणीतील नामांकित संघास एफ. ए. चषकाच्या सामन्यात २-१ असे हरविले. सामना संपण्यास काही मिनिटे उरली असता न्यूकॅसल एका गोलाने पुढे होते. तेवढ्यात चिखलाने भरलेल्या मैदानावर रॉनी रॅडफर्ड या सुतारकाम करणाऱ्या खेळाडूने दुरून असा फटका मारला की चेंडू थेट जाळ्यात जाऊन बसला. पुढे जादा वेळात रिकी जॉर्जने दुसरा गोल केला. त्याच वर्षी हेरेफर्डला लीगमध्ये प्रवेश मिळाला.

परंतु खरी कसोटी पुढेच होती. चढउतारांची चार दशके लोटल्यावर क्लब कर्जात बुडाला आणि डिसेंबर २०१४ मध्ये न्यायालयाच्या आज्ञेने त्याचा कारभार संपुष्टात आला. मैदान होते, प्रेक्षक होते. क्लब तेवढा नव्हता. तेव्हा प्रेक्षकांनीच पुढाकार घेऊन नवा क्लब उभारला. २०१५ च्या हंगामात त्याला वरून नवव्या श्रेणीत जागा मिळाली. ज्या गावाने न्यूकॅसलला हरविले, त्याने आता खेड्यापाड्यांच्या संघांशी खेळावयाचे होते! तरीही लोकांनी पाठ फिरविली नाही. त्या पहिल्याच हंगामात क्लबाने आपली लीग जिंकली आणि मे २०१६ मध्ये एफ. ए. व्हाझ या, खालच्या श्रेणींसाठी असलेल्या, स्पर्धेच्या अंतिम सामन्यासाठी तो वेंब्लीच्या भव्य क्रीडांगणावर जाऊन पोहोचला. तेथे मॉर्पेथच्या संघाने त्याचा ४-१ असा पराभव केला खरा. परंतु दीड वर्षापूर्वी ज्याचे अस्तित्वच पुसले गेले होते, त्याच्या पाठीराख्यांनी वेंब्लीचे सज्जे भरून टाकावेत, याहून मोठा विजय तो कोणता? पुढे २०१८ पर्यंत लागोपाठ तीन वर्षे तो क्लब एकेक पायरी वर चढत गेला.

आता कोल्हापुराकडे येऊ. हे शहर मल्लांचे. राजर्षी शाहूंच्या कारकिर्दीत, १९१२ साली, तेथे खासबागेचे कुस्तीचे मैदान तयार झाले. पेठेपेठेत तालमी होत्या. याच तालमींनी पुढे फुटबॉललाही आपल्या अंगणात जागा दिली. मंगळवार पेठेतील पाटाकडील तालीम व बालगोपाल तालीम, शिवाजी पेठेतील शिवाजी तरुण मंडळ व खंडोबा तालीम, तसेच दिलबहार तालीम आणि प्रॅक्टिस क्लब ही नावे तेथील आबालवृद्धांच्या तोंडी असतात. जेथे गणपती बसतो, जेथे लाल मातीत अंग घोळले जाते, तेथूनच फुटबॉलचा संघही निघतो. स्थानिक खेळांची व्यवस्था पाहणारी कोल्हापूर स्पोर्ट्‌स असोसिएशन ही संस्था संस्थानी अमदानीत, १९४० साली, स्थापन झाली. १९४९ साली संस्थान विलीन झाले. पेठांतील स्पर्धा मात्र विलीन झाली नाही!

तेथील हंगाम बहुधा थंडीच्या दिवसांत साखळी सामन्यांनी सुरू होतो. ते संपले की महापौर चषकासारख्या बाद पद्धतीच्या स्पर्धा येतात आणि पावसाळा तोंडावर येईपर्यंत राजर्षी शाहू स्टेडियमला उसंत नसते. मोठ्या सामन्याच्या दिवशी दुपारीच सज्जे भरू लागतात. आजोबा, मुलगा व नातू अशा तीन पिढ्या एकाच पायरीवर बसतात, आणि संघाने गोल केला म्हणजे तिघेही एकाच वयाचे होतात. धंदेवाईक क्लबांना जाहिरातीवर अमाप द्रव्य खर्चूनही जी निष्ठा विकत घेता येत नाही, ती येथे जन्माबरोबर मिळते.

मग उणे काय आहे? उणे आहे ती शिडी. हेरेफर्डच्या नवव्या श्रेणीतील मुलालाही ठाऊक असते की गुण मिळविले तर पुढील वर्षी आपण आठव्या श्रेणीत असू. कोल्हापूरचा विजेता संघ मात्र पुढील हंगामात पुन्हा त्याच पेठांशी, त्याच मैदानावर उभा राहतो. हिंदुस्थानच्या राष्ट्रीय लीगच्या वरच्या श्रेणींत या तालमींपैकी एकही संघ नाही. जेथे वर जाण्यास वाट नसते, तेथे सारा जोर शेजाऱ्यास खाली ओढण्यात खर्ची पडतो. कोल्हापुरात समर्थकांच्या हुल्लडबाजीचे, दगडफेकीचे व हाणामारीचे प्रसंग वारंवार घडले आहेत, त्याचे एक कारण येथे सापडते. अर्थात ही कारणमीमांसा झाली, समर्थन नव्हे. हाती दगड घेणारा मनुष्य पेठेचा अभिमान बाळगीत नसतो. तो पेठेचे नाव धुळीस मिळवीत असतो. चुरशीपायी काही संघांनी आफ्रिकेतून खेळाडू आणण्यास आरंभ केला व त्यांच्या संख्येला मर्यादा घालावी लागली. पाहुण्याचे स्वागत अवश्य व्हावे. परंतु पाहुण्यासाठी घरच्या मुलाने सदैव बाकावर बसावे, यात पेठेचे हित नाही.

तथापि चित्र निराशेचे नाही. २०१७ साली सतरा वर्षांखालील मुलांची विश्वचषक स्पर्धा हिंदुस्थानात झाली. तीत आपल्या देशाच्या संघातून कोल्हापूरचा अनिकेत जाधव खेळला. पुण्याच्या क्रीडा प्रबोधिनीत त्याची जडणघडण झाली होती. राष्ट्रीय महिला लीगच्या २०१९ मधील स्पर्धेत तर एफ. सी. कोल्हापूर सिटी हा मुलींचा संघ उतरला. ज्या शहरात फुटबॉल हा पुरुषांचा मक्ता समजला जाई, तेथील मुलींनी तालमींच्या आधी राष्ट्रीय दार ठोठावले! तात्पर्य, गुणांचा दुष्काळ नाही, वाटेचा आहे. एकट्या गुणवान मुलाला घर सोडून ती वाट शोधावी लागते. अख्ख्या संघाला, आपल्या पेठेचे नाव घेऊन, ती चालता आली पाहिजे.

निष्ठा आणि शिडी या दोन्हींवाचून गावाचा खेळ वाढत नाही. शिडी असूनही हेरेफर्डचा क्लब कर्जाने कोसळला; त्यास पुन्हा उभे केले ते निष्ठेने. कोल्हापुरात निष्ठा ओसंडून वाहते. तिला शिडीची जोड मिळाली तर हाच प्रवाह शेत भिजवील, नाहीतर बांध फोडील. ही शिडी बांधण्याचे काम क्रीडासंस्थांचे व शासनाचे आहे. निष्ठा लावण्याचे काम मात्र घराघरांतील वडीलधाऱ्यांचे आहे. परक्या क्लबाचा सदरा मुलास विकत घेऊन देणे सोपे आहे. एखाद्या संध्याकाळी त्याचा खेळ पाहण्यास मैदानाच्या कडेला जाऊन उभे राहणे तितके सोपे नाही. कारण त्यास पैसा लागत नाही, वेळ लागतो.

पडेगावच्या मोकळ्या जागेतील त्या मुलाने मँचेस्टरचा सदरा टाकून द्यावा, असे कोणी म्हणणार नाही. त्याने तो आनंदाने घालावा. परंतु त्याच्या पेटीत आणखी एक सदरा असावा. त्यावर छातीशी पडेगाव हे नाव असावे, आणि तो घालून तो उतरेल तेव्हा मैदानाच्या कडेला त्याच्या आळीतील दहा माणसे तरी उभी असावीत. फुटबॉलचा हंगाम खऱ्या अर्थाने सुरू होतो तो तेथून.