राखीव प्रत निघते की नाही?

शहरांतील आणि तालुक्याच्या गावांतील अनेक घरांत संगणक हे आता केवळ पत्रलेखनाचे वा करमणुकीचे साधन राहिलेले नाही. कुटुंबाची छायाचित्रे, सातबाराचे उतारे, विमापत्रांच्या प्रती हे तर त्यात असतेच. पण सहकारी गृहनिर्माण संस्थेचे मानद सचिव वा खजिनदार संस्थेचा हिशेबही पुष्कळदा घरच्याच संगणकावर ठेवतात. ३१ मार्चला वर्ष संपते, मग लेखापरीक्षण, आणि ३० सप्टेंबरपर्यंत वार्षिक सर्वसाधारण सभा. अशा वेळी डिस्क निकामी झाली तर हानी एका घरापुरती राहत नाही. सर्व सभासदांच्या पैशाचा हिशेब अडतो. म्हणून राखीव प्रत, म्हणजे रूढ शब्दात बॅकअप, रोज आपोआप निघावी अशी योजना जाणते लोक करून ठेवतात.

अडचण उद्भवते ती येथेच. हाताने प्रत काढताना काही बिघडले तर ते डोळ्यांसमोर बिघडते. आपोआप चालणारे काम रात्री दोन वाजता बिघडते आणि त्या वेळी पाहणारे कोणी नसते. मोठ्या कंपन्याही यातून सुटलेल्या नाहीत. आज्ञावल्या साठवण्याची सेवा देणाऱ्या गिटलॅब या कंपनीत ३१ जानेवारी २०१७ रोजी एका अभियंत्याकडून मुख्य माहितीसाठा चुकून पुसला गेला. राखीव प्रत शोधू जाता ती नव्हतीच. प्रत काढणारी आज्ञावली माहितीसाठ्याच्या आवृत्तीशी जुळत नव्हती, त्यामुळे ती रोज अपयशी ठरत होती. अपयशाची सूचना देणारे ईमेल पाठविले जात होते, परंतु टपाल स्वीकारणारी यंत्रणा ते नाकारीत होती. सुमारे सहा तास आधी अन्य कामासाठी हाताने घेतलेली एक प्रत होती, तिच्यावर काम भागले. मधल्या सहा तासांची माहिती मात्र गेली. हे सर्व कंपनीने स्वतःच जाहीर केले, ही गोष्ट प्रशंसनीय होय.

घरच्या संगणकावर अशी शंका आली तर प्रथम कोणतीही सेटिंग बदलू नये. महत्त्वाचे फोल्डर एखाद्या वेगळ्या डिस्कवर हाताने उतरवून घ्यावेत आणि मग राखीव डिस्क उघडून सर्वांत नवी फाइल कोणत्या तारखेची आहे ते पाहावे. ती तारीख म्हणजे तपासाचा धागा. त्या सुमारास घरात काय बदलले? पासवर्ड बदलला, नवा पेनड्राइव्ह जोडला, की टेबलावरील संगणकाचे काम लॅपटॉपवर आले?

विंडोज संगणकात अशा कामांचे वेळापत्रक टास्क शेड्युलर हा भाग सांभाळतो. त्यात नवे काम नोंदविताना, संगणक विजेच्या जोडणीवर असेल तरच ते सुरू करावे, ही अट आधीपासूनच घातलेली असते. लॅपटॉप बॅटरीवर असला की काम सुरूच होत नाही. रात्री संगणक बंद असला किंवा वीज गेली, तर हुकलेले काम नंतर करण्याचा पर्यायही आपण होऊन निवडलेला नसतो; तो निवडावा लागतो. हे दोन बदल केले तरी अनेकांची अडचण दूर होते. काम कोणी लॉग-इन केलेले नसतानाही चालावे अशी व्यवस्था असेल, तर पासवर्ड बदलल्यावर तो तेथेही नव्याने द्यावा लागतो. हे सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही.

त्याच ठिकाणी शेवटच्या कामाचा निष्कर्ष आकड्यात दिलेला असतो. शून्य म्हणजे काम निर्वेध झाले, असा सर्वसाधारण संकेत आहे. तथापि त्यावर विसंबणे धोक्याचे. आज्ञावली सुरू होऊन संपली एवढेच त्यावरून कळते, फाइली पोहोचल्या की नाही हे कळतेच असे नाही. उलट रोबोकॉपी या आज्ञेने काम करणाऱ्यांना १ हा आकडा दिसला तर घाबरण्याचे कारण नाही. तेथे त्याचा अर्थ फाइली नीट उतरल्या असाच होतो. अपयश ८ पासून पुढे.

याहून फसवा प्रकार म्हणजे काम यशस्वी होते, पण भलत्याच फोल्डरचे. वनड्राइव्हची सोय सुरू केल्यावर डेस्कटॉप आणि डॉक्युमेंट्स ही फोल्डरे वनड्राइव्हच्या फोल्डरात हलविली जाऊ शकतात. आज्ञावलीला मात्र जुनाच पत्ता ठाऊक असतो. ती इमानाने रिकाम्या फोल्डरची प्रत काढते. मूळ आणि राखीव तंतोतंत सारखे ठेवण्याची पद्धत निवडलेली असेल, तर मूळ जागी काही नाही म्हणून राखीव डिस्कवरील जुन्या फाइलीही पुसल्या जातात. यासाठी ती पद्धत टाळावी, निदान जुन्या आवृत्त्या काही काळ राखणारी व्यवस्था करावी.

बाकीची कारणे साधी आहेत. डिस्क भरलेली असते. दुसरे काही जोडल्यामुळे तिचे ई हे अक्षर बदलून एफ झालेले असते. डिस्क मॅनेजमेंटमध्ये तिला वर्णमालेच्या शेवटचे एखादे अक्षर कायमचे देऊन ठेवावे. फॅट-३२ पद्धतीने आखलेल्या पेनड्राइव्हवर ४ जीबी वा त्याहून मोठी एकच फाइल मावत नाही, म्हणून लग्नसमारंभाची चित्रफीत तेवढी मागे राहते.

दुरुस्ती झाली याची परीक्षा राखीव डिस्कवरूनच घ्यावी लागते. महिन्यातून एकदा तीन-चार फाइली तिच्यावरून दुसऱ्या संगणकावर घेऊन उघडून पाहाव्यात : एक हिशेबाची, एक छायाचित्राची, एक जुन्या मराठी मजकुराची. युनिकोडपूर्वीच्या टंकांत लिहिलेला मजकूर तो टंक नसलेल्या संगणकावर निव्वळ चिन्हांची खिचडी दिसतो. तसे झाल्यास त्या टंकाची फाइलही राखीव डिस्कवर ठेवावी. आणि परीक्षा आटोपल्यावर डिस्क सुटी करून ठेवावी. सतत जोडलेल्या डिस्कवर, खंडणीसाठी फाइली कुलूपबंद करणारा विषाणू मुळाबरोबरच हात मारतो. रोजच्या आपोआप प्रतीसाठी एक डिस्क जोडलेली, आणि महिन्याच्या प्रतीसाठी दुसरी कपाटात, अशी विभागणी घरगुती वापरास पुरेशी ठरते.