ठिपक्यांवरची भूमिती

आदिलाबाद जिल्ह्यात शाळेच्या एकाच आवारात किती भाषा कानी पडतात, हे तेथील शिक्षकांना सांगावयास नको. घरी गोंडी किंवा कोलामी, बाजारात तेलुगू, उर्दू आणि मराठी, आणि पाठ्यपुस्तकात कदाचित या सर्वांहून अपरिचित अशी ग्रांथिक भाषा, अशा स्थितीत तेथील पुष्कळ मुले वाढतात. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत या जिल्ह्यातील किनवट व राजुरा हे भाग तेव्हाच्या मुंबई राज्यात गेले. परंतु सीमेमुळे भाषांची सरमिसळ थांबली नाही, आणि मराठी माध्यमाच्या शाळा तेथे आजही आहेत. यास्तव एखादा विद्यार्थी वर्गात गप्प बसला, तर त्याला विषय उमजला नाही की भाषा उमजली नाही, हे ठरविणे कठीण होते.

हा प्रश्न जुनाच आहे. १९४३ मध्ये मानववंशशास्त्रज्ञ हायमेनडॉर्फ यांच्या पुढाकाराने मार्लवाई येथे गोंड शिक्षकांसाठी केंद्र निघाले, तेव्हा गोंडी वाचनपुस्तके देवनागरी लिपीत तयार करण्यात आली. मुलाने आपल्या भाषेतून आरंभ करावा, हा त्यामागील विचार होता. भूमितीच्या शिक्षकाला तर याहूनही सोपी वाट मोकळी आहे. आकृती कोणत्याही माध्यमाच्या मुलाला सारखीच दिसते. म्हणून माध्यमिक शाळेतील दोन वर्गांची, शक्य तेथे दोन माध्यमांच्या वर्गांची, भूमितीची स्पर्धा भरविणे या जिल्ह्यात विशेष उपयुक्त ठरेल.

अशा स्पर्धेला साहित्य थोडेच लागते. तेलुगू घरांपुढे संक्रांतीला मुग्गू घालतात, मराठी घरांपुढे दिवाळीला रांगोळी. ठिपके दोन्हीकडे तेच. फरशीवर पाच ओळींत पाच-पाच ठिपके समान अंतरावर काढावेत आणि विचारावे, ठिपके हेच कोपरे धरून निरनिराळ्या आकारांचे किती चौरस काढता येतील? बहुतेक मुले प्रथम ‘चार’ म्हणतील. बाजू १, २, ३ व ४. मग कोणी तरी तिरपा चौरस काढील, आणि खरी स्पर्धा तेथून सुरू होईल. एका ठिपक्यापासून दोन घरे उजवीकडे व एक घर वर गेले, की तिरप्या चौरसाची एक बाजू मिळते. त्या चौरसाभोवती तीन घरे बाजूचा सरळ चौरस काढावा. त्याचे क्षेत्रफळ ९, कोपऱ्यांतील चार काटकोन त्रिकोणांचे प्रत्येकी १, उरले ५. आणि २ चा वर्ग ४, १ चा वर्ग १, त्यांची बेरीज ५. पायथागोरसचे म्हणून शिकविले जाणारे व बौधायनाच्या शुल्बसूत्रातही आढळणारे प्रमेय मुलांनी येथे आपल्या हातांनी काढलेले असते. अशाच रीतीने २, ८ व १० क्षेत्रफळांचे तिरपे चौरस मिळतात. एकूण आकार आठ.

यापुढचा प्रश्न अधिक मोलाचा आहे. ३ क्षेत्रफळाचा चौरस का मिळत नाही? प्रत्येक चौरसाचे क्षेत्रफळ म्हणजे आडव्या व उभ्या घरांच्या संख्यांच्या वर्गांची बेरीज. आणि ०, १, ४ यांपैकी कोणत्याही दोहोंची बेरीज ३ होत नाही. अंगणभर ठिपके वाढविले तरी तो चौरस सापडावयाचा नाही. ज्या वर्गाने हे सिद्ध केले, त्याला आठही आकार काढणाऱ्या वर्गापेक्षा अधिक गुण द्यावेत.

दुसरी फेरी कागदाच्या घड्यांची असावी. टी. सुंदर राव यांनी १८९३ मध्ये मद्रास येथे घड्यांच्या भूमितीवर इंग्रजी ग्रंथ प्रसिद्ध केला, आणि जर्मन गणिती फेलिक्स क्लाइन याने त्याची दखल घेतली. चौरस कागदाची मध्यावर उभी घडी घालून तो उलगडावा. मग खालचा डावा कोपरा स्थिर ठेवून उजवा कोपरा त्या मधल्या घडीवर टेकवावा. जेथे तो टेकेल तो बिंदू व खालचे दोन कोपरे मिळून समभुज त्रिकोण होतो. का होतो, हे मात्र मुलांनीच सांगावयाचे.

दोन धोके टाळले पाहिजेत. रंगीत व नीटस चित्राला बक्षीस दिले, तर ती चित्रकलेची स्पर्धा होईल; म्हणून प्रत्येक आकृतीपाशी परीक्षकाने ‘कशावरून?’ असे विचारावे. दुसरे, दोन हुशार मुले सर्व वर्गाचे काम करतील आणि इतर टाळ्या वाजवितील. म्हणून फळ्यापाशी कोणी जावे हे चिठ्ठी टाकून ठरवावे. मग वर्गाला आपल्यातील प्रत्येकाची तयारी करून घ्यावीच लागेल.

अभ्यासक्रम पुरा होत नसताना याला वेळ कोठून आणावा, अशी शिक्षकांची रास्त तक्रार असते. महिन्यातून एक तासिका पुरे. परीक्षेसाठी पाठ केलेली सिद्धता आकृतीची अक्षरे बदलताच कोलमडते, हा तर शिक्षकांचा नित्याचा अनुभव आहे. स्वतः शोधलेली सिद्धता मुलाला पुन्हा उभी करता येते. आणि ज्या मुलाला शब्द सापडत नाहीत म्हणून आजवर मंद ठरविले गेले, त्याने खडू हाती घेऊन तिरपा चौरस काढून दाखविला, तर त्याच्याविषयीचे मत शिक्षकांना त्याच दिवशी बदलावे लागेल.