फाळक्यांचे बिऱ्हाड



प्रमुख पाहुण्याने उपदेश करावा आणि विद्यार्थ्यांनी तो निमूटपणे सोसावा, ही स्नेहसंमेलनाची जुनी वहिवाट आज आपल्या अनुज्ञेने मोडून, पांडवलेण्यांच्या पायथ्याशी ज्यांच्या स्मारकाकडे तुमच्या सहली जातात त्या दादासाहेब फाळक्यांविषयी, आणि तेही चित्रपटसृष्टीचे जनक म्हणून नव्हे, तर आयुष्यभर हिंडलेला एक प्रपंचवत्सल गृहस्थ म्हणून, चार शब्द बोलावे असे मी योजिले आहे.

३० एप्रिल १८७० रोजी आपल्या त्र्यंबकेश्वरी जन्मलेल्या या शास्त्रीपुत्राचा मुक्काम एके ठिकाणी असा फार काळ टिकलाच नाही. मुंबईस चित्रकला, बडोद्यास कलाभवन, गोध्र्यास छायाचित्रणाचा व्यवसाय. तेथेच प्लेगने पहिली पत्नी व अपत्य हिरावून नेले. पुढे सरस्वतीबाईंशी विवाह, पुराणवस्तु खात्यातील नोकरी, ती सोडून छापखाना, आणि छपाईच्या कामासाठी १९०९ साली थेट जर्मनी. १९१२ च्या आरंभी विम्याच्या पॉलिसी तारण ठेवून ते विलायतेस गेले, ते विल्यमसन कॅमेऱ्याची आणि फिल्मला भोके पाडण्याच्या यंत्राची खरेदी करूनच परतले.

इतका प्रवास घडलेल्या माणसास घर परके होते, असा सामान्य अनुभव आहे. फाळक्यांच्या बाबतीत मात्र ते जे जे शिकून येत ते प्रथम घरातच उतरे. कुंडीतल्या वाटाण्याचा अंकुर त्यांनी एकेक चित्र टिपीत पडद्यावर वाढवून दाखविला, तेव्हा लोक चकित झाले. पण त्यापुढची हकीकत मला अधिक मोलाची वाटते. दिवसा मंडळींचा स्वयंपाक रांधून, उन्हात पांढऱ्या चादरी धरून पात्रांवर उजेड पाडणाऱ्या सरस्वतीबाई रात्री, लेकरे निजल्यावर, अंधाऱ्या खोलीत कोऱ्या फिल्मला हाताच्या अंदाजाने भोके पाडीत बसत. भांडवलासाठी त्यांचे दागिनेही गेले. मुलगा भालचंद्र हरिश्चंद्रपुत्र रोहिदास झाला, आणि ३ मे १९१३ रोजी गिरगावच्या कॉरोनेशन चित्रगृहात ‘राजा हरिश्चंद्र’ हा चित्रपट झळकला. चरित्रकारांनी या माउलीस एखाद्या वाक्यात निकालात काढावे, हा मला उघड अन्याय वाटतो. कारण त्या विलायतवारीचे निम्मे श्रेय आणि कर्जाची बहुतेक झळ तिच्याच दप्तरी जमा आहे.

त्याच वर्षी कारखान्यासकट सारे बिऱ्हाड नाशकास आले. १९१४ साली फाळके पुन्हा विलायतेस गेले, तेव्हा तेथेच राहून चित्रपट काढण्याचे बोलावणे आले असताही ते स्वदेशी परतले. चित्रपटाच्या धंद्यातील भागीदारांशी बेबनाव, कुटुंबकबिल्यासह काशीवास, पुन्हा नाशिक, आणि सदुसष्टाव्या वर्षी कोल्हापुरात तयार झालेला त्यांचा एकमेव बोलपट ‘गंगावतरण’. हे सारे तुम्ही सवडीने वाचालच. पाऊणशेच्या घरात पोहोचून १६ फेब्रुवारी १९४४ रोजी त्यांनी याच नाशिक शहरी देह ठेविला.

आता चालकांना एक विनंती. फाळक्यांच्या १९१९ च्या ‘कालियामर्दन’ या चित्रपटाचा बराच भाग सुदैवाने शिल्लक आहे. त्यात कृष्ण झाली आहे त्यांचीच चिमुरडी कन्या मंदाकिनी. प्रारंभी ती केवळ चेहऱ्यावर एकामागून एक भाव आणून दाखविते, आणि तो मूकपट असल्याने तिला संवाद पाठ करण्याची तसदी पडलेली नाही. पुढील संमेलनात पाहुण्यांच्या भाषणाची वेळ कापून तेवढा तुकडा या मुलांना अवश्य दाखवावा. माझी हरकत नाही.