भाड्याची बस आणि आपली यात्रा
(धर्मग्रामाच्या महोत्सवी सभेत केलेले भाषण)



सणासुदीस व यात्रेस आपले लोक भाड्याची बस करून जातात, त्याविषयी मी चार शब्द बोलावेत असे महोत्सव समितीचे म्हणणे पडले. विषय ऐकून कित्येकांस हसू येईल. धर्मगुरूने व्यासपीठावरून बसच्या भाड्याची चर्चा ती काय करावी, असेही कोणी म्हणेल. परंतु ज्या गोष्टीवरून वर्षातून दोनदा आपल्यात रुसवेफुगवे होतात, ती क्षुद्र मानणे मला तरी प्रशस्त वाटत नाही.

भाड्याची बस म्हणजे काय, हे कोलाडकरांस सांगावयास नको. भिऱ्याच्या वीजघरातून सुटणाऱ्या पाण्यावर कुंडलिकेत होड्या सोडावयास मुंबई-पुण्याची मंडळी शनिवार-रविवारी बसगाड्या भरभरून आपल्याच गावी येत असते. ते मौजेकरिता येतात, आणि त्यात गैर काहीच नाही. आपण मात्र बस कशाकरिता करावी, हा प्रश्न आपणांस विचारला पाहिजे. केवळ पोहोचावयाचे असेल तर एस.टी. आहे, रेल्वे आहे. नेहमीच्या एस.टी.त १७ मार्च २०२३ पासून स्त्रियांस निम्मे तिकीट पडते आणि ऑगस्ट २०२२ पासून पंचाहत्तरी उलटलेल्यांस तिकीटच पडत नाही. धडधाकट माणसाने स्वतंत्रपणे गेले तर त्याचा खर्च कमीच होईल.

मग बस कोणाकरिता? ज्या आजीबाईस रोह्यास एक गाडी व पनवेलीस दुसरी गाडी बदलणे होत नाही, तिच्याकरिता. ज्या मातेच्या कडेवर एक व हाताशी दोन मुले आहेत आणि घरधनी धाटावच्या कारखान्यात पाळीवर आहे, तिच्याकरिता. वाडीवरच्या ज्या कुटुंबाने आपल्या तालुक्यापलीकडचे देऊळ कधी पाहिलेले नाही, त्याच्याकरिता. ही माणसे घरी राहिली आणि बस भरून गेली, तर ती सहल झाली खरी. धर्मग्रामाची यात्रा झाली असे मी म्हणणार नाही.

कायद्याची व्याख्यासुद्धा येथे पाहण्याजोगी आहे. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याप्रमाणे करारावरील गाडी ती, जी संपूर्णच्या संपूर्ण एका ठरावाने भाड्याने घेतली जाते व जी वाटेत ठरावाबाहेरचा उतारू घेत नाही की सोडीत नाही. एस.टी. महामंडळही बस देते. त्यास ते ‘प्रासंगिक करार’ म्हणतात. खासगी मालकाची गाडी घेतली तर ती अशा परवान्याची आहे की नाही, हे आधी पाहावे. मालवाहू टेंपोत सतरंजी अंथरून माणसे नेणे बेकायदेशीर आहे, आणि अपघाताच्या दिवशी विम्याचा तंटा उभा राहतो तो निराळाच. ‘एमपरिवहन’ ह्या सरकारी ॲपवर गाडीचा क्रमांक घातला की योग्यता प्रमाणपत्राची व विम्याची मुदत दिसते. आपल्या तरुणांपैकी कोणीही हे काम पाच मिनिटांत करील.

आता कोठे जावे? माझे मत मी लपवीत नाही. प्रथम आपल्याच नदीच्या मुखाशी जावे. जी कुंडलिका आपल्या दारावरून वाहते, ती कोर्लई व रेवदंडा यांच्यामध्ये समुद्रास मिळते. रोहा, चणेरा, साळाव ह्या मार्गाने सकाळी निघालेला मनुष्य दिवेलागणीस घरी येतो. कोर्लईचा किल्ला पोर्तुगिजांनी १५९४ साली अहमदनगरच्या निजामशाहीपासून घेतला व १७४० साली तो मराठ्यांकडे गेला. राज्य गेले, परंतु पायथ्याच्या गावातील आपल्या बांधवांची श्रद्धा गेली नाही, आणि बोलीही गेली नाही. पोर्तुगीज व मराठी यांच्या मिलाफाची ती बोली आजही घराघरांत बोलली जाते. तेथील देऊळ कार्मेल डोंगराच्या मातेचे. तिचा सण १६ जुलैचा, म्हणजे ऐन मुसळधार पावसातला. म्हणून लहानथोरांस घेऊन पावसाळा सरल्यावर जाणे बरे. किल्ला चढावयाचा आहे, त्यास वृद्धांनी जाऊ नये. तरुणांनी तासाभरात वर जाऊन यावे, आणि मिस्सा, जपमाळ, जेवण हे सर्व खाली, जेथे काठी टेकीत आलेला मनुष्यही बसू शकेल तेथे व्हावे. कार्यक्रम नेहमी सर्वांत सावकाश चालणाऱ्याच्या चालीने आखावा.

वांद्र्याच्या डोंगरावरील मातेच्या यात्रेस जाण्याची हौस सर्वांस असते. आज उभे आहे ते देऊळ १९०४ सालचे. १९५४ साली त्यास बॅसिलिकेचा मान मिळाला. तेथे हिंदू, पारशी, सर्वच मेणबत्ती घेऊन येतात. हा सण ८ सप्टेंबरचा. तो रविवार नसेल तर पुढच्या रविवारी यात्रा सुरू होऊन आठवडाभर चालते. पण तेच दिवस बहुधा गणपतीचे. २०२४ साली चतुर्थी ७ सप्टेंबरास व यात्रा ८ सप्टेंबरास आली. २०२६ साली यात्रेचा रविवार १३ सप्टेंबर व चतुर्थी १४ सप्टेंबर. त्या दिवसांत चाकरमान्यांच्या गाड्यांनी आपला महामार्ग तुंबतो (त्याच्या चौपदरीकरणाची कथा २०११ पासून आपण जाणताच), बस मिळत नाही, मिळाली तर दुप्पट भाव सांगतात. सबब अशा वर्षी पहिल्या रविवारचा हट्ट सोडून आठवड्यातील एखादा मधला दिवस धरावा. देवमाता मंगळवारीही तेथेच असते. आणि बस थेट देवळाच्या पायरीशी जाईल ही आशा धरू नये. गाडी दूर ठेवून वांद्रे स्थानकावरून ‘बेस्ट’च्या यात्रा-गाड्यांनी वर जावे.

गोव्यास मात्र बस करू नये. संत फ्रान्सिस झेवियर यांच्या अवशेषांचे प्रदर्शन २१ नोव्हेंबर २०२४ ते ५ जानेवारी २०२५ ह्या काळात झाले. ते दर दहा वर्षांनी होते. जुने गोवे करमळी स्थानकापासून जवळ आहे, आणि माणगावास थांबणारी मांडवी एक्सप्रेस तेथे उतरविते. रेल्वेचे तिकीट आगाऊ काढण्याचा आळस हे काही बस करण्याचे कारण नव्हे.

श्रीरामपूर तालुक्यातील हरेगावच्या मतमाउलीस जाण्याचा प्रस्तावही कोणी मांडतो. यात्रा आपल्या भाषेतली, फार चांगली. पण वाटेत घाट आहे व रात्रीचा प्रवास आहे. येथे मला कठोर बोलणे भाग आहे. २८ जुलै २०१८ रोजी आपल्याच जिल्ह्यातील आंबेनळी घाटात दापोलीच्या कृषी विद्यापीठातील मंडळींची सहलीची बस दरीत गेली. एकच जण वाचला. १५ एप्रिल २०२३ रोजी खोपोलीजवळ बोरघाटात पहाटेच्या वेळी वादकांच्या पथकाची बस कोसळली. १३ जण गेले. तेही आपल्यासारखेच एकत्र, आनंदाने निघालेले लोक होते. म्हणून रात्री घाट चढावयाचा नाही. मुक्काम करावा, अथवा जाऊ नये. मोटार वाहतूक कामगारांच्या १९६१ च्या कायद्याने चालकाच्या कामाची मर्यादा दिवसास आठ तासांची ठरविली होती. ‘आदल्या रात्री झोप झाली काय?’ असे चालकास तोंडावर विचारण्यास संकोच नको. लांबच्या वाटेस दोन चालक मागावेत, आणि जेवणाच्या पंगतीत त्यांचे पान आधी वाढावे. आपण आत स्तोत्रे गात असता तो बिचारा चाकाशी डबा उघडून बसतो, हे मला कधीच बरे वाटलेले नाही.

माणसे मोजणे हे आणखी एक काम. लूकच्या शुभवर्तमानात दुसऱ्या अध्यायी आहे की, यरुशलेमेच्या सणावरून परतताना बाळ येशू सोबतच्या मंडळींत असेलच, असे मरिया व योसेफ यांनी धरले आणि एक दिवसाची वाट चालून गेले. जेथे पवित्र कुटुंबाची अशी गत झाली, तेथे ‘असेल मागे कोणाजवळ तरी’ हे आपले उत्तर चालावयाचे नाही. यादी लेखी असावी, प्रत्येक थांब्यावर नाव घेऊन वाचावी, आणि यादीची एक प्रत येथे गावी ठेवून जावी.

आता पैशाचे बोलू, कारण रुसवे तेथेच होतात. भाड्याचा आकार गाडीमागे पडतो, माणसामागे नव्हे. समजा, पन्नास जागांच्या बसचे वीस हजार रुपये झाले. पन्नासांत वाटले तर माणशी चारशे पडतात. चाळिसांतच वाटले तर पाचशे. म्हणजे देणाऱ्याने शंभर रुपये अधिक दिले की दहा जागा मोकळ्या राहतात, आणि त्या जागी कोण बसणार हे उघड वाचून दाखविण्याचे कारणच उरत नाही. ‘अमक्यास फुकट नेले’ हे शब्द परतीच्या वाटेवर ऐकू आले तर शंभर रुपये फुकट गेले असे समजावे. पुढच्या दोन रांगा वृद्धांच्या व गरोदर स्त्रियांच्या. रुमाल टाकून जागा अडविण्याची रीत एस.टी.च्या फलाटावरच राहू द्यावी.

पावसाळा संपताच कोर्लईस जाण्याचे योजिले आहे. नावे सक्रिस्तीत द्यावीत. वाडीवरची नावे मी स्वतः जाऊन आणीन. त्या दहा जागा भरेपर्यंत बाकीची यादी पक्की होणार नाही, हे समितीस मी कळविले आहे.